कॉर्डवरची फुली: नको ती तार गप्प कशी ठेवायची

गिटारच्या कॉर्डच्या, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या, आकृतीत नटच्या (मानेच्या टोकाला तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीच्या) वर दोन प्रकारच्या खुणा असतात. गोल म्हणजे तार मोकळी वाजू द्यायची, फुली म्हणजे ती तार ऐकू येता कामा नये. बहुतेक शिकाऊ मंडळी फुलीचा अर्थ ‘उजव्या हाताने ती तार चुकवा’ असा घेतात, आणि शिकवणारेही अनेकदा तसंच सांगतात. डी असेल तर स्ट्रम (तारांवरून हात फिरवणं) चौथ्या तारेपासून सुरू करा, सी असेल तर पाचवीपासून. संथ गाण्यात हे निभतं. एका मात्रेत चार स्ट्रोक बसवायची वेळ आली की फसतं, कारण नेम धरायचा तर मनगट आखडतं आणि मनगट सैल सोडायचं तर नेम चुकतो. अपस्ट्रोकला, म्हणजे हात वर नेताना, तर पिक (तारा छेडायची चकती) कुठे थांबणार यावर फारसा ताबाच नसतो.

म्हणून फुलीची जबाबदारी डाव्या हातावर टाकावी. उजव्या हाताने सहाही तारांवरून मोकळेपणी फिरायचं, आणि जी तार नको तिला डाव्या हाताचं एखादं बोट किंवा अंगठा नुसता टेकलेला ठेवायचा. पिक त्या तारेवर आपटतं, पण सुराऐवजी बारीक ‘ठक्’ निघतो आणि तो स्ट्रमच्या गजरात विरून जातो. (डावखुऱ्यांनी पुढचे सगळे हात उलटे समजावेत.)

खाली कॉर्ड सहाव्या, म्हणजे सगळ्यात जाड तारेकडून पहिल्या तारेकडे लिहिल्या आहेत. आकडा म्हणजे त्या तारेवर दाबायचा फ्रेट (मानेवरची धातूची आडवी पट्टी), ० म्हणजे मोकळी तार, × म्हणजे फुली. सी म्हणजे ×३२०१०. ‘वर’ म्हणजे छताच्या बाजूला, ‘खाली’ म्हणजे जमिनीच्या बाजूला.

सगळ्या फुल्या सारख्या घातक नसतात

आकृती छापणारा सगळीकडे एकच फुली मारतो. वाजवणाऱ्याने मात्र तिच्यात फरक करायला शिकावं, नाहीतर जिथे गरज नाही तिथे जीव काढला जातो आणि जिथे खरी गरज आहे ती कॉर्ड तशीच राहते.

मोकळी सहावी तार ई सुराची, ८२.४ हर्ट्झची. ए मेजरमध्ये (×०२२२०) ए, सी शार्प आणि ई हे तीन सूर असतात. म्हणजे सहावी वाजली तरी परका सूर आला नाही, फक्त तळाचा सूर ए ऐवजी ई झाला. कॉर्ड जराशी जड आणि डगमगती वाटते, पण बेसुरी होत नाही. ए मायनरचं तेच. सीमध्येही ई आहेच. घरी एकट्याने गाताना या तिन्ही ठिकाणी सहावी निसटली तर कुणाच्या भुवया वर जाणार नाहीत.

डी मेजर (××०२३२) वेगळी. तिच्यात डी, एफ शार्प आणि ए आहेत, ई नाही. तळाशी ई घुमायला लागला की डीचा पायाच हलतो. पाचवी मोकळी तार मात्र ए सुराची, म्हणजे कॉर्डमधलीच, तेव्हा डीच्या दोन फुल्यांपैकी सहावीवरची सक्तीची आणि पाचवीवरची ऐच्छिक. डी मायनरलाही हाच नियम.

बी सेव्हनमध्ये (×२१२०२) डी शार्प आहे आणि मोकळ्या सहावीवर त्याला अर्ध्या सुराने खेटलेला ई. बी मायनरला (×२४४३२) ई परका. बी फ्लॅटला (×१३३३१) सगळ्यात वाईट, कारण बी फ्लॅट आणि ई यांच्यात तीन पूर्ण सुरांचं अंतर पडतं आणि ते अंतर तळाशी ऐकवत नाही. छोट्या एफमध्ये (××३२११) सहावी नकोच, पाचवी चालून जाते.

माझ्या मते क्रम असा असावा: आधी बी सेव्हन आणि डी, मग बी मायनर, मग सी. ए आणि ए मायनर शेवटी. पुस्तकं नेमकी ए किंवा सीपासून सुरू करतात, म्हणून तार म्यूट (गप्प) करणं म्हणजे उगाच नखरे आहेत असा शिकणाऱ्याचा समज होतो.

बोटाचं टोक: सी आणि बी सेव्हन

तार गप्प करायला जोर लागत नाही. तार दाबून फ्रेटला टेकली की सूर निघतो, नुसती कातडीला टेकली की कंप मरतो. या दोन्हींमधली जागा सापडली की अर्धं काम झालं.

सीमध्ये अनामिका पाचव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला असते. स्टीलच्या तारांच्या गिटारवर नट साधारण ४३ मिलिमीटर रुंद असतो आणि दोन तारांमध्ये जेमतेम ७ मिलिमीटर. बोटाचं टोक त्याहून बरंच रुंद. म्हणजे अनामिका पाचव्या तारेच्या बरोबर मधोमध ठेवण्याऐवजी एखाद-दोन मिलिमीटर वर सरकवली तरी तिची कड सहावीला टेकते. पाचवी दाबलेली, सहावी नुसती शिवलेली. बी सेव्हनमध्ये हेच काम पाचव्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला असलेलं मधलं बोट करतं.

इथे दोन गोष्टी बिघडतात. एक, बोट वर सरकवायच्या ऐवजी तारेसकट वर ढकललं जातं. पाचवी ताणली जाऊन सूर चढतो आणि ट्यूनरवर बरोबर असलेली गिटार कॉर्ड धरल्यावर बेसूर वाटू लागते. बोट उचलून नव्या जागी ठेवावं, तार दाबलेली असताना सरकवू नये. दोन, नख. डाव्या हाताचं नख बोटाच्या मांसाच्या पुढे आलं असेल तर बोट उभं राहत नाही, आडवं पडतं, आणि वरची सहावी गप्प करण्याऐवजी खालची चौथी मरते. नखं अगदी मुळापाशी कापलेली हवीत. यावर दुसरा उपाय नाही.

एकाच बोटाची दोन कामं: जी आणि सी ॲड नाइन

सरावासाठी याहून चांगली जोडी नाही. जी अशी धरा: ३×००३३. मधलं बोट सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला, अनामिका दुसरीवर आणि करंगळी पहिलीवर, दोन्ही तिसऱ्या फ्रेटला. तर्जनी मोकळी. आता फुली पाचव्या तारेवर आहे, आणि मोकळी पाचवी म्हणजे ए, जीमध्ये न बसणारा सूर. तिला गप्प करायचं ते मधल्या बोटाच्या पोटाने. बोट थोडं सरळ करा, म्हणजे त्याचा पेराकडचा मऊ भाग खाली झुकून पाचवीला लागेल. मनगट फार वाकवून बोट कमानीसारखं उभं ठेवलंत तर ते पाचवीवरून पुलासारखं जातं आणि तार वाजत राहते. उलट बोट फारच आडवं पडलं तर चौथीही मरते. चौथी नीट वाजेपर्यंत आणि पाचवी मरेपर्यंत मनगट पुढे-मागे करून जागा शोधायची.

आता सी ॲड नाइन: ×३२०३३. अनामिका आणि करंगळी जागची हलवायची नाहीत. मधलं बोट सहावीवरून पाचवीवर आणा, तर्जनी चौथ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला ठेवा. फुली आता सहावीवर, आणि तिला टेकतं मधल्या बोटाचं टोक. म्हणजे एका कॉर्डला पोटाने खालची तार गप्प, दुसरीला टोकाने वरची तार गप्प. मेट्रोनोम ६० वर ठेवून चार-चार मात्रांना बदल करत राहा आणि प्रत्येक स्ट्रम मुद्दाम सहाही तारांवरून घ्या. तार चुकवण्याची जुनी सवय मोडायची असेल तर पहिले काही दिवस असंच वाजवावं.

ही पाचवी वगळलेली जी नेहमीच्या ३२०००३ पेक्षा अधिक स्वच्छ वाजते. नेहमीच्या जीमध्ये पाचव्या तारेवर बी हा सूर इतक्या खाली येतो की खालच्या जीशी मिळून कॉर्ड गढूळ करतो. रॉक वाजवणारे तो काढून टाकतात ते याच कारणाने.

अंगठा

डी, ए आणि ए मायनरमध्ये कुठलंच बोट सहावीच्या जवळ नसतं. तिथे अंगठा मानेच्या मागून वर काढून त्याची कड सहावीला टेकवायची. दाबायचं नाही. अंगठ्याचं टोकही लागत नाही, पहिल्या पेराची बाजू पुरते. तळवा मानेला जवळजवळ चिकटतो आणि मनगट सरळ होतं. इथे बोटांची कमान जरा बसते आणि डीची पहिली तार मरायला लागते. तसं झालं तर अंगठा थोडा नटच्या दिशेने न्यावा, बोटांना पुन्हा उभं राहायला जागा मिळते.

अंगठा सहावीवर आलाच आहे तर त्याला पुढचं कामही देता येतं. सहावी दुसऱ्या फ्रेटला अंगठ्याने दाबली की डीच्या तळाशी एफ शार्प येतो: २×०२३२. पाचवीला अंगठ्याच्या टोकाने शिवायचं. रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्स मोठ्या बारच्या (तर्जनी सगळ्या तारांवर आडवी दाबण्याच्या) जागी अंगठाच वापरायचा. त्याचे हात मोठे होते हे खरं, पण बारीक मानेच्या इलेक्ट्रिकवर मध्यम हातालाही हे जमतं.

नायलॉनच्या तारांच्या क्लासिकल गिटारवर हट्ट धरू नये. तिथे नट साधारण ५२ मिलिमीटरचा, मान चपटी, आणि त्या पद्धतीत अंगठा मागेच राहतो. तिथे स्ट्रमपेक्षा बोटांनी तारा छेडतात, त्यामुळे नको ती तार छेडायचीच नाही हे शक्य असतं. लहान हातांच्या मुलांनाही अंगठ्यासाठी ताणायला लावू नये. ए आणि ए मायनरला सहावी वाजली तर वाजू द्यावी, डीला उजव्या हाताने सांभाळावं.

बार कॉर्ड आणि पाचव्या-सातव्या फ्रेटची खोड

बी मायनरसारख्या, पाचव्या तारेवर मूळ सूर असलेल्या बार कॉर्डमध्ये तर्जनी पाच तारा दाबते. ती सहावीवर पूर्ण चढवू नका. टोक पाचवीच्या जरा पुढे येऊन सहावीला शिवेल इतकंच ठेवा. तर्जनी सहावीपर्यंत दाबली तर बी मायनरच्या तळाशी एफ शार्प वाजतो, जो चालतो, पण बोटावर विनाकारण भार येतो.

मेजर आकार (×२४४४×) अनामिकेच्या छोट्या बारने धरतात. तीन तारा दाबून तेच बोट पहिल्या तारेवर हलकं पडतं आणि तिला गप्प करतं. इथे पहिली म्यूट करणं सोपं, वाजू देणंच कठीण. पहिली हवीच असेल तर अनामिकेचं पहिलं पेर उलटं वाकावं लागतं, आणि ते सगळ्यांचं वाकत नाही. पण जोर जास्त पडून पहिली चौथ्या फ्रेटला खरंच दाबली गेली तर बीमध्ये जी शार्प मिसळतो आणि कॉर्ड बी सिक्स्थ होते. ऐकायला वाईट नाही, पण ती मागितलेली कॉर्ड नव्हे.

आता खोड. तोच आकार पाचव्या फ्रेटला नेला की डी मिळते (×५७७७×), सातव्याला नेला की ई (×७९९९×). तर्जनीचं टोक आधीसारखंच सहावीला शिवतं, आणि तरी तिथून घंटेसारखा बारीक, उंच सूर येतो. ही हार्मोनिक. पाचव्या, सातव्या आणि बाराव्या फ्रेटच्या पट्टीवर तार एका बिंदूत शिवली की ती मरत नाही, तिचे भाग पडून वरचा सूर वाजतो. पाचव्यावर दोन सप्तकं वरचा, म्हणजे सहाव्या तारेवर ३२९.६ हर्ट्झ, मोकळ्या पहिल्या तारेचाच सूर. सातव्यावर एक सप्तक आणि पंचम, बाराव्यावर एक सप्तक. ॲकॉस्टिकवर हे कधीकधी लक्षातही येत नाही, ॲम्प्लिफायरवर कानात घुसतं.

उपाय एकच: तार दोन ठिकाणी शिवा. अंगठा वरून टेकवा, किंवा मेजर आकारात मधलं बोट रिकामंच असतं, ते तर्जनीच्या शेजारी सहावीवर सोडा. दोन बोटं शेजारी पडली की कंपाला विभागून घ्यायला जागा उरत नाही. जिथे जिथे म्यूट केलेली तार शिट्टी मारते तिथे हाच इलाज.

पावसाळ्यात कोकणात, मुंबईत, गोव्यात ॲकॉस्टिकचं लाकूड दमट हवेने फुगतं, वरची फळी उचलली जाते आणि तारा मानेपासून लांब जातात. एरवी जमणारी बार कॉर्ड अचानक अडते, दाब वाढवावा लागतो आणि हलक्या स्पर्शाचं तंत्र बिघडतं. बाराव्या फ्रेटवर सहाव्या तारेखालचं अंतर अडीच मिलिमीटरच्या बरंच पुढे गेलं असेल तर बोटांना दोष देण्याआधी गिटार दुरुस्त करणाऱ्याकडे न्यावी.

मधली तार

कडेची तार चुकवता तरी येते, मधली नाही. जॅझमधल्या तीन सुरांच्या कॉर्ड घ्या: जी सेव्हन म्हणजे ३×३४××, जी मेजर सेव्हन ३×४४××, जी मायनर सेव्हन ३×३३××. सहावीवरच्या बोटाचं पोट पाचवीला गप्प करतं, आणि खालच्या दोन तारांवर वरच्या बोटांची उरलेली लांबी आडवी सोडायची. काउंट बेसीच्या वाद्यवृंदात १९३७ पासून रिदम गिटार वाजवणारा फ्रेडी ग्रीन याच कुळातला. हात सगळ्या तारांवरून फिरायचा, खऱ्या अर्थाने वाजायचे त्यातले मोजके सूर, आणि ठेका मात्र चारही मात्रांवर.

ऑक्टेव्हचंही (एकच सूर दोन सप्तकांत एकदम) तसंच. ×७×९×× मध्ये तर्जनी पाचवीवर, अनामिका किंवा करंगळी तिसरीवर. तर्जनीचं टोक सहावीला, पोट चौथीला, आणि दुसरी-पहिली दोन्ही बोटांच्या पोटाखाली. एका तर्जनीकडे तीन कामं आहेत, म्हणून हा आकार हलवत नेताना आधी चौथी जिवंत होते. ती ऐकू आली की समजायचं, तर्जनी फार उभी झाली.

डिस्टॉर्शन चालू केल्यावर

ॲकॉस्टिकवर सुटून जाणारं सगळं इथे उघडं पडतं. डिस्टॉर्शन (इलेक्ट्रिक गिटारचा आवाज मुद्दाम फाटका करणं) हळू आवाज मोठ्याच्या जवळ आणून ठेवतं, शिवाय दोन सुरांमधून त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे नवे सूर तयार करतं. मूळ सूर आणि पंचम यांचं प्रमाण २:३ च्या जवळ असल्याने नवे सूर त्यांच्याशी जुळतात, म्हणून फक्त या दोन सुरांची पॉवर कॉर्ड (३५५×××) स्वच्छ वाजते. त्यात एखादी मोकळी तार घुसली की चिखल.

आणि ती तार छेडायलाही लागत नाही. दुसऱ्या तारेवर पाचव्या फ्रेटचा ई वाजवा: मोकळी पहिली तार आपोआप थरथरते, सहावीचा वरचा अंशही जागा होतो. म्हणून पॉवर कॉर्डमध्ये तर्जनी खालच्या तीन तारांवर आडवी हवी. पाचवीवरच्या पॉवर कॉर्डमध्ये (×३५५××) सहावी टोकाने शिवलेली हवी. उजव्या तळव्याची कड ब्रिजला (तारा गिटारच्या पोटावर जिथे टेकतात तिथे) लागून ठेवली तर जाड तारांना दुसरा पहारा मिळतो. ब्रिजपासून पुढे सरकलात तर सूरच मरतो, मागे सरकलात तर काहीच होत नाही, मधली जागा जेमतेम बोटभर असते.

उजव्या हाताकडे उरलेलं

मोकळ्या तळतारा कॉर्ड बदलल्यावरही वाजत राहतात. ई वरून ए मायनरला आलात तर सहावी घुमतच असते. बोटांनी वाजवताना उजव्या अंगठ्याने पाचवी छेडली की तोच अंगठा परत वर नेऊन सहावीवर टेकवायचा. उलट्या बदलात, म्हणजे ए वरून ई ला जाताना, पाचवी थांबवायला डावं मधलं बोट तिच्यावर येतंच, तेव्हा वेगळं काही करायला नको.

सगळ्या तारा एकदम मारून ‘छक्’ काढायचा तर बार कॉर्डवर डाव्या हाताचा दाब सोडला की झालं, बोटं तारांवरून उचलायची नाहीत. मोकळ्या कॉर्डवर हे चालत नाही, कारण दाब सोडला तरी मोकळ्या तारा वाजतात. तिथे करंगळी सगळ्या तारांवर आडवी टाकावी, किंवा स्ट्रम करतानाच उजव्या तळव्याची बाजू तारांवर पाडावी.

कुठे चुकतंय हे कसं ओळखायचं

कॉर्ड धरा आणि स्ट्रम न करता सहावीपासून पहिलीपर्यंत एकेक तार छेडा. फुलीच्या तारेवर नुसता ‘ठक्’ यायला हवा. पूर्ण सूर आला तर बोट दाबतंय किंवा टेकतच नाही. घंटा वाजली तर हार्मोनिक आहे, दुसरं बोट टेकवा. करकर झाली तर स्पर्श अर्धवट आहे किंवा नख लागतंय. फुली गप्प पण शेजारची हवी ती तारही गप्प, तर बोट फार आडवं आहे. एका वेळी एकच दोष सुधारा, आणि प्रत्येक बदलानंतर हात मानेवरून पूर्ण काढून पुन्हा ठेवा. जागच्या जागी सुधारलेली पकड पुढच्या वेळी जमेलच असं नाही.

रोज दहा मिनिटं पुरतात. इलेक्ट्रिकवाल्यांनी त्यातली निम्मी तरी ॲम्प्लिफायर लावून करावीत, कारण नुसत्या गिटारवर स्वच्छ वाटलेली कॉर्ड तिथे वेगळंच बोलते. फोनवर रेकॉर्ड करताना स्ट्रम एकदम थांबवून दोन सेकंद हात तसाच धरून ठेवावा. त्या दोन सेकंदांत जी तार ऐकू येते, तीच दुसऱ्या दिवशीच्या सरावाला घ्यायची.